उकंडाचं खत

मंगल कार्यालयाचा टेम्पो उकंडानं बैलबंडी आडवी लावून अडवला, ही गोष्ट गावात बरेच दिवस सांगितली गेली, आणि दर सांगण्यात टेम्पो थोडा मोठा होत गेला. खरा टेम्पो लहानसाच होता. लग्नसराई भरात होती. बाभुळगावकडून येणाऱ्या रस्त्यावर, गावाच्या अलीकडे जो नाला लागतो, त्यात दर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे थर्माकोलच्या पत्रावळ्या, प्लास्टिकचे ग्लास, उरलासुरला भात आणि हे सगळं बांधलेल्या प्लास्टिकच्या पन्न्या येऊन पडत. कोण टाकतं ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. तरी कोणी बोलत नव्हतं, कारण ज्याचं त्याचं नुकसान अजून झालं नव्हतं. झालं होतं ते एकट्या उकंडाचं.

त्याची गाय मागच्या उन्हाळ्यात त्याच नाल्यावर चरून आली आणि मेली. भाताच्या वासानं तिनं पन्न्या गिळल्या होत्या. पोट नगाऱ्यासारखं ताठलं, रवंथ बंद झाला, ढोरांचा डॉक्टर येईपर्यंत तिनं मान टाकली. मथुराबाई, म्हणजे उकंडाची बायको, तिच्या पोटावर गोडं तेल चोळत बसली होती. ती पुढे कितीतरी दिवस हाताला तो ताठपणा लागतो म्हणायची. तेव्हापासून उकंडाच्या डोक्यात नाला बसला तो बसलाच.

त्या पहाटे तो वावरातून तुराट्या आणायला बंडी घेऊन निघाला होता. टेम्पो मागं मागं नाल्याच्या काठाला लागताना दिसला. उकंडानं बैल वळवले, बंडी टेम्पोच्या तोंडाशी आडवी उभी केली, जू उतरवलं आणि बैल बाजूच्या बाभळीला बांधून टाकले. आता बंडी हलवायची तर माणसंच पाहिजेत. ड्रायव्हरनं आधी शिव्या देऊन पाहिल्या, मग बिडी देऊन पाहिली. उकंडा दगडावर बसून राहिला. शेवटी ड्रायव्हरनं कुठंतरी फोन लावला आणि थोड्या वेळात पुंडलिकराव मोटारसायकलवर आले.

पुंडलिकराव म्हणजे गावच्या सरपंच कोकिळाबाईंचे यजमान. सही बाईंची, बाकी सगळं यांचं. कापूस, सोयाबीन, तूर, घरचा ट्रॅक्टर, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं, आपलं सख्खं कोणीतरी बोलतं आहे. त्यांनी टेम्पोकडं पाहिलं, उकंडाकडं पाहिलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"अशी माणसं पायजेत गावात," ते म्हणाले. "सोड आता त्याले. दंड मी पाह्यतो."

उकंडाला पाठीवरच्या त्या हाताचं अप्रूप वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. बौद्ध वस्तीतल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवताना पुंडलिकरावांच्या बापानं आधी आजूबाजूला पाहिलं असतं. उकंडानं बंडी जुंपली आणि वाट मोकळी केली. टेम्पो भरलेलाच परत गेला. निदान उकंडाला दिसेपर्यंत तरी.

आठवड्याच्या आत कळलं की सरकारनं या कामासाठी ग्रामपंचायतींना मदत द्यायचं ठरवलं आहे. बेकायदा कचरा टाकण्याच्या जागा शोधा, मोकळ्या करा, दाखवा. जेसीबीचं भाडं सरकार देणार, घंटागाडी देणार, नाल्यावर कॅमेरा देणार. सरकारची मदत आमच्याकडं आली की आधी पुंडलिकरावांच्या ओट्यावर टेकते, पाणी पिते आणि मग पुढं जायचं की नाही ते ठरवते. पण या वेळी पुंडलिकरावांनी उकंडाला बोलावणं धाडलं. ग्रामसेवक अतुल जागा पाहायला निघणार होता आणि वाट दाखवायला त्यांना हाच माणूस हवा होता.

अतुल पोरसवदा, भला, सारखा मोबाइलकडं बघणारा. उकंडा त्याला नाल्यावर घेऊन गेला. गाय कुठं चरली, टेम्पो कुठं लागतो, पावसात हीच घाण वाहून विहिरीपर्यंत कशी येते, सगळं सांगितलं. अतुलनं फोटो काढले. परत येताना दोघं वस्तीच्या मागून आले. तिथं गावठाणाच्या कडेला उकंडाचा खताचा ढीग होता.

त्या ढिगाबद्दल सांगायलाच पाहिजे. आमच्याकडं अशा ढिगाला उकंडा म्हणतात, आणि माणसाचं नावही त्यावरूनच पडलेलं. आधीची दोन लेकरं गेलेली, म्हणून आईनं याला जन्मल्या जन्मल्या त्या ढिगावर ठेवलं, शेजारणीनं सुपात उचललं आणि पसाभर ज्वारी घेऊन आईला परत दिलं, म्हणजे मरणाला वाटावं हे टाकून दिलेलं पोर आहे. बापानं दीक्षा घेतलेली होती. असले प्रकार आपण सोडले, असं तो ओरडला. आई म्हणाली, तुम्ही सोडा, मी लेकरू सोडत नाही. ढीग तेव्हापासून त्याच जागी होता. दर वर्षी उपसला जायचा, दर वर्षी भरायचा.

आता तर तो दोन सालांचा साचलेला होता. घरी बैलजोडी, एक म्हैस, चार बकऱ्या. मथुराबाई रोज सकाळी शेणाचं टोपलं डोक्यावर घेऊन यायची, त्यावर राख, गोठ्यातला केर, कुटलेल्या तुराट्या असं थरावर थर टाकायची. उन्हाळ्यात कुठूनतरी पाणी आणून शिंपायची. गाय गेल्यापासून तिनं आणखी एक काम लावून घेतलं होतं. शेण टाकण्याआधी ती बोटांनी चाचपून पाहायची आणि पन्नीचा तुकडा सापडला की बाजूला काढायची. नखाएवढा असला तरी काढायची. मग उकंडा फावड्यानं ढीग खालवर करायचा, कंबर धरून उभा राहायचा, पुन्हा वाकायचा.

हे खत विकायचं नव्हतं. बाभुळगावकडचा एक संत्रावाला दोनदा येऊन परत गेला होता. नाल्यालगतचं पुंडलिकरावांचं वावर रासायनिक खतं खाऊन थकलं होतं, सोयाबीन गुडघ्याच्या वर येत नव्हतं. पुंडलिकरावांनीच ढिगापाशी येऊन मूठभर खत हातात घेतलं होतं, नाकाशी नेलं होतं आणि म्हणाले होते की हे माझ्या वावरात टाक, या सालापासून वावर तुला अर्ध्या बटईनं. खत तुझं, जमीन माझी, पीक दोघांचं. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात रोजीनं राबलेल्या माणसाला अर्धं पीक म्हणजे काय असतं, ते रोजीनं राबल्याशिवाय कळायचं नाही. मथुराबाई त्या दिवसापासून बांधावर कुठं भेंडी लावायची तेसुद्धा ठरवून बसली होती.

तर अतुल त्या ढिगापाशी थांबला.

"इथं कोण टाकतं?" त्यानं विचारलं.

"आमीच," उकंडा म्हणाला. "माह्या बापापासून टाकून राह्यलो. दुसऱ्या कोनाचं काई नाई इथं, सारं आमचं."

बोलताना त्याची छाती जरा फुगलीच. एवढा मोठा, असा काळाभोर ढीग अख्ख्या गावात दुसरा नव्हता. अतुल म्हणाला, काका, उभे राहा ना जरा पुढं. उकंडानं खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला, फावडं हातात धरलं आणि हसून उभा राहिला. फोटो छान आला, तो त्याला दाखवलाही. घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं की आपल्या खताचा फोटो सरकारकडं गेला.

"खताचा फोटो कायले पायजे त्याईले?" मथुराबाईनं विचारलं.

चांगली गोष्ट दिसली की माणूस फोटो काढते, असं काहीतरी तो बोलला.  भाकर थापताना तिचा हात मात्र जरा थांबला.

पुढं आलं ते सत्काराचं बोलावणं. नाला वाचवणारा माणूस म्हणून तालुक्याला उकंडाचा सत्कार ठरला होता, आणि जोडप्यानं यायचं होतं. पुंडलिकरावांनी जीप पाठवली. मथुराबाईनं लेकीच्या लग्नातलं लुगडं काढलं. म्हैस आणि बैल शेजारच्या पंचफुलाबाईच्या भरवशावर सोडले. जीपमध्ये पुढं पुंडलिकराव, मागं कोकिळाबाई आणि ही दोघं. कोकिळाबाई कधी फार बोलत नाहीत. गाव मागं पडल्यावर त्यांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, "मथुराबाई, घरी कोनी थांबलं नाई का तुमच्या?"

पंचफुला आहे, असं मथुराबाईनं सांगितलं. एवढ्या मोठ्या बाईनं आपल्या घराची विचारपूस केली म्हणून तिला बरं वाटलं. कोकिळाबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि पूर्ण वाट त्या बाहेरच बघत राहिल्या.

कार्यक्रमात भाषणं झाली. उकंडाला शाल मिळाली, नारळ मिळाला आणि काळ्या पन्नीतलं एक कडुनिंबाचं रोप मिळालं. टाळ्या वाजताना त्याला हात कुठं ठेवावेत ते कळेना. त्यानं समोर जयभीम घातला आणि खाली उतरला. पुंडलिकराव माइकवर म्हणाले की आमच्या गावात अशी माणसं आहेत म्हणून गाव आहे. मथुराबाई खुर्चीवर टेकून बसली नव्हती, अगदी कडेला बसली होती, पण तिचे डोळे भरून आले होते. उगाच खोटं कशाला सांगू, तो दिवस तिच्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत जमा झाला असता.

जेवण एका मंगल कार्यालयात होतं. थर्माकोलची ताटं, प्लास्टिकचे ग्लास. हात धुवायला उकंडा मागच्या अंगाला गेला, तर तिथं तो टेम्पो उभा होता. ड्रायव्हरही होता. त्यानं उकंडाच्या खांद्यावरची शाल पाहिली आणि हसून नमस्कार केला. उकंडा ओल्या हातानंच पुंडलिकरावांकडं गेला. त्यांनी त्याला बाजूला घेतलं. हे कार्यालय त्यांच्या साळ्याचं, असं त्यांनी आता सांगितलं, जणू आधीच सांगायचं राहून गेलं होतं. टेम्पोचं मिटलं आहे, तू काळजी करू नको, गुलाबजाम घे.

उकंडानं गुलाबजाम घेतला नाही. पण शालही परत केली नाही. तसं काही करायचं असतं, हे त्याला त्या वेळी सुचलंच नाही.

ऊन उतरता उतरता जीपनं त्यांना वस्तीच्या तोंडाशी सोडलं. पंचफुलाबाई रस्त्यावरच उभी होती. तिच्या चेहऱ्याकडं बघून मथुराबाईनं आधी विचारलं की म्हैस बरी आहे ना. म्हैस बरी होती. पंचफुलाबाईनं नुसता हात केला मागच्या बाजूला.

ढीग नव्हता. ढीग जिथं होता तिथं जेसीबीच्या दातांनी खरवडलेली ओली जमीन होती, शेवटचे दोन-तीन किडे वळवळत होते, आणि त्यावर पाखरं उतरली होती. मधोमध एक लोखंडी जाळी रोपासाठी ठोकलेली. कडेला पत्र्याची पाटी. इथं कचरा टाकणाऱ्यावर दंडाची कारवाई होईल, ग्रामपंचायतीच्या हुकमावरून. पाटीशेजारच्या खांबाला फलक बांधला होता, त्यावर दोन फोटो. एकात ढिगापुढं फावडं घेऊन हसणारा उकंडा, वर लिहिलेलं 'आधी'. दुसऱ्यात मोकळी जमीन, वर लिहिलेलं 'नंतर'.

"म्या आडवी झाली जेसीबीले," पंचफुलाबाई म्हणाली. "तर म्हणे, उकंडाभाऊनंच जागा दाखवली. मंग मी काय बोलू?"

मथुराबाई जाळीजवळ जाऊन बसली. जमिनीवर हात ठेवून बसली, गायीच्या पोटावर ठेवला होता तसा. रडली नाही. उकंडा काळ्या पन्नीतलं रोप हातात धरून उभा होता, ते कुठं ठेवावं हेही त्याला समजत नव्हतं.

उकंडा तसाच पंचायतीत गेला, अतुल तिथंच होता. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं, पण वाईट वाटणाऱ्या माणसाला जो घाईघाईचा राग येतो तोही होता. सरकारी जागेवरचा ढीग तो, त्यानं सांगितलं. काहीतरी मोकळं करून दाखवलं तरच मदत मिळते. नाल्याचं काम मोठं आहे, ते दुसऱ्या टप्प्यात घेऊ असं ठरलं. कोणी ठरवलं, ते त्यानं सांगितलं नाही.

"मी विचारलं होतं ना काका तुम्हाला. तुम्हीच म्हणाले, आम्ही टाकतो."

"खत टाकतो म्हनलं मी."

"तुम्ही नुसतं टाकतो म्हणाले," अतुल म्हणाला आणि मोबाइलकडं पाहायला लागला.

खत कुठं नेलं, हे मात्र कोणाला विचारावं लागलं नाही. ट्रॉलीतून सांडलेल्या काळ्या रेघा नाल्याच्या वाटेनं गेल्या होत्या. सकाळी दोघं त्या रेघेनं चालत गेली. मथुराबाईनं टोपलं घेतलं होतं, उकंडानं फावडं. भांडायला निघालेली माणसं अशी निघत नाहीत, पण रिकाम्या हातानं वावरात जायची त्यांना सवय नव्हती.

पुंडलिकरावांच्या वावरात खताचे गंज ओळीनं पडले होते, निम्मे वावरभर पसरून झाले होते. रंग लांबूनच ओळखू येत होता. आणि त्या काळ्या खतात सगळीकडं पांढरं पांढरं दिसत होतं. पाहणीला सरकारी गाड्या येणार म्हणून रस्त्याच्या कडेचा तेवढा कचरा जेसीबीनं त्याच ट्रॉलीत ओढला होता. पन्न्या, ग्लास, थर्माकोलचा चुरा. सालभर नखानखानं निवडलेलं खत, त्यात मंगल कार्यालय पेरलं होतं.

पुंडलिकराव बांधावर होते. त्यांनी लांबूनच हाक मारली, बरं झालं आलात म्हणाले.

"भाऊ, हे खत माहं हाय," उकंडा म्हणाला. आवाज चढवायचं त्यानं वाटेत ठरवलं होतं. तो चढला नाही.

"तुहं कसं? पंचायतीनं उचललं ते. फेकूनच देत होते लेका, मी ट्रॉली लावली म्हणून वाचलं. वावरातच पडलं न? तुले तरी कुठं टाकाचं होतं?"

"मंग बटई?"

पुंडलिकरावांनी नाल्याकडं पाहिलं. या साली मीच वाहून पाहातो म्हणतो, ते म्हणाले. पोराचं तसं म्हणणं आहे. पुढच्या साली बघू. तुला काही मी उपाशी ठेवत नाही. कुटार तुझ्याच बैलांना देईन, आणि आता ही पन्नी तेवढी वेचून घ्यायची आहे, नाहीतर वखराला गुंडाळते. दोघं या रोजीनं. तुमच्याइतकी साफ कोणी वेचणार नाही.

हे शेवटचं वाक्य ते खरोखर कौतुकानं बोलले. त्यात थोडी जरी लबाडी ऐकू आली असती तरी उकंडाला फावडं उचलता आलं असतं. माणूस आपल्याला लुटतो आणि वर आपल्यावर मायाही करतो, तेव्हा नेमकं कुठं मारायचं ते सापडत नाही.

त्यानं बायकोकडं पाहिलं. ती तिथं नव्हती. ती आधीच वावरात उतरली होती आणि पहिल्या गंजापाशी उकिडवी बसून पन्नी काढत होती.

"मथुरे, ऊठ," तो जवळ जाऊन म्हणाला. "चाल घरी."

"तुमी जा," ती म्हणाली. "मले खतात पन्नी पाहावत नाई."

तिचा हात थांबत नव्हता. लुगड्याचा काठ खतानं माखला होता. इथली धसकटं उद्या आपलेच बैल चरतील, असं ती त्याच्याकडं न बघता बोलली.  त्यानं फावडं बांधावर टाकलं आणि तो दुसऱ्या गंजापाशी बसला. बोटं आपोआप चालायला लागली. खत अजून उबदार होतं. पुंडलिकरावांच्या वावरात, पुंडलिकरावांच्या रोजीवर, तो आपलंच खत साफ करत होता. पिकात वाटा मागायला तोंड उरलं नव्हतं.

ऊन डोक्यावर आलं तोवर टोपलं भरलं. पन्न्या, चेपलेले ग्लास, एका नवरा-नवरीच्या नावाची फाटकी चिठ्ठी. मथुराबाई बांधाशी जाऊन उभी राहिली आणि पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "भाऊ, हे कुठं टाकू?"

पुंडलिकराव लिंबाच्या सावलीत फोनवर बोलत होते. त्यांनी फोन कानावरून जरा बाजूला केला.

"टाक न तिकडं नाल्यात," ते म्हणाले. "अजून कुठं टाकतं?"

आणि पुन्हा फोनवर बोलायला लागले. त्यांच्या तोंडून काय निघालं ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मथुराबाई टोपलं तसंच धरून उभी राहिली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, आणि ती नजर त्याला सहन झाली नाही. त्यानं तिच्या हातातलं टोपलं घेतलं, डोक्यावर ठेवलं आणि तो नाल्याकडं चालायला लागला.

काठाशी टेम्पो लागलेला होता. मागचं फाळकं उघडं, कालच्या जेवणाची थर्माकोलची ताटं बाहेर पडत होती, भात पडत होता. बाभळीच्या ज्या बुंध्याला त्यानं बैल बांधले होते, तिथं दोन कुत्री बसून वाट पाहत होती. ड्रायव्हरनं उकंडाला ओळखलं. आधी तो दचकला. मग त्यानं डोक्यावरचं टोपलं पाहिलं, आणि त्याचा चेहरा सैल झाला.

 तो केबिनमध्ये चढला, गाडी हातभर पुढं घेतली आणि उकंडाला जागा करून दिली.

उकंडा बराच वेळ काठावर उभा होता. खाली भातावर माश्या बसल्या होत्या. मग त्यानं टोपलं उलटं केलं.

परत आला तेव्हा मथुराबाई तिसऱ्या गंजापाशी बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"टाकलं?" तिनं विचारलं.

"टाकलं," तो म्हणाला. त्यानं रिकामं टोपलं दोघांच्या मधे ठेवलं, आणि ती दोघं पुन्हा वाकली.